अंधारासाठी अर्ज

अंधार हवा म्हणून कचेरीत अर्ज करणारा आमच्या तेर्नाते बेटावरचा मी बहुधा पहिलाच माणूस. लोक तिथे जातात ते दिव्याचा खांब मागायला. मी म्हटलं, आमच्या गल्लीतले दिवे एक रात्र, फक्त एक तास बंद ठेवता येतील का? खिडकीपलीकडच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या टोपीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "पा गुरू, घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी ठीकच होतं. बिघडलं होतं ते शाळेत.

आमच्याकडे मास्तरांना 'पा गुरू' म्हणतात. निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली, तरी दर शनिवारी मी पाचवीच्या वर्गाला आकाश शिकवायला जातो. मला कोणी बोलावत नाही आणि कोणी हाकलतही नाही. त्या शनिवारी मी खडू आडवा धरून फळ्यावर आकाशगंगा काढली. खडू आडवा धरला की ती छान धुरकट येते. छत्तीस वर्षांचा अनुभव आहे. म्हटलं, "मुलांनो, ही ताऱ्यांची नदी रोज आपल्या डोक्यावरून वाहते."

मागच्या बाकावरची विर्दा उभी राहिली. या मुलीबद्दल एवढंच सांगतो, की ती स्वतः सहसा चुकत नाही आणि दुसऱ्याची चूक सहसा सोडत नाही.

"पा गुरू, मी आमच्या गच्चीवर झोपते. नदी नाहीये. ओढासुद्धा नाहीये."

"शहराच्या दिव्यांमुळे दिसत नाही, बाळ."

"मग पुस्तकात कशी दिसते?"

"तो फोटो आहे."

"तो कॉम्प्युटरवर बनवतात," विर्दा म्हणाली. "माझ्या मामाने माझ्या आजीला मक्केत उभं केलंय. आजी कधी बेटाबाहेर गेलेलीच नाही."

वर्ग हसला. हसणाऱ्या वर्गापुढे शिक्षकाने गप्प बसावं, हा नियम मी स्वतः कितीतरी नव्या शिक्षकांना शिकवला आहे. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "मी स्वतः काढून आणतो फोटो! पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी, झेंडावंदनाला, सगळ्या शाळेपुढे दाखवतो. नाही आणला, तर तिथेच उभा राहून सांगेन, की पुस्तक खोटं, आणि पा गुरूही खोटा!"

मोठ्या माणसांपुढे शपथ घ्यायला हरकत नसते, ती संध्याकाळपर्यंत विसरतात. विर्दाने माझं वाक्य वहीत उतरवून घेतलं, खाली तारीख घातली आणि शेजारणीकडून तपासून घेतलं.

तर, दिव्यांचं. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "दिवे बंद करण्याचा अर्ज नसतो हो, पा गुरू. पण तुमच्या गल्लीतली वीज नेहमी जातेच. जाईल तेव्हा काढून घ्या फोटो." म्हणणं खरं होतं. मी आठ रात्री अंगणात खुर्ची टाकून वीज जायची वाट पाहिली. त्या आठ रात्रींत वीज एकदाही गेली नाही. असं आमच्या गल्लीत यापूर्वी कधी घडल्याचं कोणालाच आठवत नाही. शेजारी माझे आभार मानू लागले.

नवव्या दिवशी कुंपणापलीकडून हाजी दाहलान यांनी विषय हाती घेतला. हाजींची उभी हयात बंदराच्या कचेरीत पत्रं लिहिण्यात गेली; आता निवृत्तीत ते सल्ले देतात. दोन्हींत ओळी तेवढ्याच लांब असतात.

"फोटो कशाला हवाय तुला, सालासा?" असं म्हणून त्यांनी टोपीतून एक जुनी हजाराची नोट काढली आणि उलटी करून माझ्या नाकासमोर धरली. तिच्यावर आमच्याच किनाऱ्यावरून दिसणारी मैतारा आणि तिदोरे ही दोन बेटं छापलेली आहेत. "हा बघ. ज्वालामुखी आहे, समुद्र आहे, होडी आहे. सरकारने आपण होऊन काढून खिशात दिलाय."

"त्यात तारे कुठे आहेत, हाजी?"

"दिवसा काढलाय रे. सरकार रात्री काम करतं का?"

मग मात्र त्यांनी खरोखर उपयोगाची गोष्ट सांगितली. अंधार हवा तर मोती बेटावर जा. लाकडी मोटरबोटीने तीन तास. बेटाच्या मागच्या अंगाला वीस-बावीस घरांचं एक गाव आहे. तिथल्या काळ्या वाळूवर उभं राहिलं की दक्षिणेला समोर माकियानचा ज्वालामुखी. एप्रिल संपताना चंद्र नसलेल्या रात्री, पहाटे तीनच्या पुढे, आकाशगंगा बरोबर त्याच्या माथ्यावर येते. (हे शेवटचं हाजींचं नव्हे, माझं गणित. हाजी म्हणाले ते फक्त, "तिथे मासे छान मिळतात.")

"पण पत्राशिवाय जाऊ नकोस," हाजी म्हणाले. "रात्री कॅमेरा घेऊन दुसऱ्याच्या गावात फिरणाऱ्याला लोक काय समजतात, माहीत आहे ना?"

मी लिहिलं होतं: 'रात्री आकाशाचा फोटो काढण्यासाठी दोन दिवस आपल्या गावी येऊ इच्छितो.' हाजींनी ते वाचलं, दयेने हसले, आणि चष्मा लावून स्वतः लिहायला बसले. त्यांचं पत्र असं झालं: 'ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ पा गुरू सालासा यांची रात्रकालीन छायाचित्रण मोहीम आपल्या गावी येत असून, मोहिमेस आवश्यक ती सर्व सोय तत्परतेने उपलब्ध करून द्यावी.'

"यात अंधार कुठे आहे?" मी विचारलं.

"'आवश्यक ती सर्व सोय' यात अंधार आलाच की."

इथे, मुलांनो, तुमच्या गुरुजींनी लाल शाई काढायला हवी होती. आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो, की जे म्हणायचं ते सरळ म्हणा. पण 'ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ' हे दोन शब्द मी एकदा वाचले, पुन्हा वाचले, बायकोला वाचून दाखवले आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं.

पत्रावर शिक्का हवा म्हणून पुन्हा त्याच कचेरीत, त्याच बाईंकडे. अर्जात प्रवासाच्या कारणाचे चार रकाने होते: लग्न, मयत, व्यवसाय, इतर. बाईंनी 'इतर'वर खूण केली आणि उसासा टाकला. मग माझा फोटो मागितला. मी दिला.

"याची पार्श्वभूमी निळी आहे. तुमचं जन्मसाल विषम. विषम सालाला लाल लागते."

म्हणजे ज्याला जगाचा फोटो काढायचा होता, तो आधी स्वतःचा फोटो काढायला गेला. लाल पडद्यापुढे मी उभा राहिलो तेव्हा फोटोवाला म्हणाला, "हसा, पा गुरू." माझ्याने झालं नाही. पाच दिवसांनी शिक्का मिळाला आणि पत्र पुढच्या बोटीने मोतीला रवाना झालं.

कॅमेरा माझा जावई रुस्ली याचा. रुस्ली लग्नाचे फोटो काढतो. त्या कॅमेऱ्याने शेकडो लग्नं पाहिली होती, पण तारा एकही पाहिला नव्हता. रुस्लीने मला एका कागदावर सूचना लिहून दिल्या आणि तोंडीही समजावल्या.

"पापा, भिंग फिरवत अनंतापर्यंत जायचं, आणि मग केसभर मागे यायचं."

मला हे फार आवडलं. एवढं चांगलं वाक्य मी कोणत्याही धर्मोपदेशात ऐकलेलं नाही.

"मग वीस सेकंद पडदा उघडा ठेवायचा. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. त्या वीस सेकंदांत जे हलेल, त्याचा धूर होईल. जे स्थिर राहील, तेच दिसेल."

"तारे स्थिर राहतात वीस सेकंद?"

"जवळजवळ. नवरदेव राहत नाहीत," रुस्ली म्हणाला.

मी एकटा जाणार होतो. माझी बायको रुगाया म्हणाली, "जा की." आणि शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर मी धक्क्यावर पोहोचलो, तर ती माझ्याआधी बोटीत बसलेली. सोबत भात शिजवायचं विजेचं भांडं.

"अहो पापा, तुम्हाला दिवसा स्वतःच्या चपला सापडत नाहीत. रात्री काय सापडणार आहे?"

बोट सुटल्यावर मी सामान तपासलं. कॅमेरा होता. सूचनांचा कागद होता. तिपाईची लांब पिशवी होती, पण जरा जास्तच फुगलेली. उघडून पाहिलं, तर आत सागूच्या कडक वड्या आणि धुरी दिलेला मासा.

"तिपाई कुठे आहे?"

"ती काठ्यांची? दाराआड ठेवलीय. एवढी चांगली पिशवी, लांब मासा कसा अगदी बरोबर बसला!"

मी समुद्राकडे पाहत राहिलो. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली की माणसाला दहापर्यंत मोजायची सवय लागते. त्या दिवशी मी सत्तरपर्यंत गेलो.

पण संध्याकाळी मोती बेट समोर आलं आणि माझा सगळा राग उतरला. काय काळंभोर होतं ते! डोंगर काळा, झाडं काळी, किनारा काळा. एक दिवा नाही. मी रुगायाला म्हटलं, "बघ. याला म्हणतात अंधार." माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू?

एवढ्यात किनाऱ्यावर कोणीतरी खोकल्यासारखं झालं. मग घरघर सुरू झाली. आणि धक्क्यापासून मशिदीपर्यंत रंगीत दिव्यांच्या माळा एकदम पेटल्या. लाल, हिरव्या, पिवळ्या, आणि मध्ये मध्ये डोळे मिचकावणाऱ्या. दोन खांबांमध्ये कापडी फलक ताणलेला होता आणि त्याच्यावर चार प्रखर दिवे सोडले होते: 'पा गुरू सालासा यांच्या रात्रकालीन मोहिमेचे हार्दिक स्वागत.'

गावप्रमुख ओम तालिब ('ओम' म्हणजे काका) गुडघाभर पाण्यात पुढे आले. भरदार अंगाचे, साठीचे, आणि इतके आनंदी की मला हाजींचं पत्र आठवलं.

"पा गुरू! पत्र मिळालं! 'आवश्यक ती सर्व सोय'! म्हटलं, रात्रीचा फोटो म्हणजे उजेड तर लागणारच. पलीकडच्या गावातून जनरेटर आणलाय, मंडपवाल्याकडून माळा आणल्यात. कमी पडतोय का उजेड? स्पष्ट सांगा!"

"नाही... पुरेसा आहे," मी म्हणालो.

ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. "आणि मोहीम कुठे आहे?"

मागे रुगाया भाताचं भांडं डोक्यावर घेऊन बोटीतून उतरत होती.

"हीच," मी म्हणालो.

त्यांनी अकरा गाद्यांची सोय केली होती.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? पंचपक्वान्नांचं ताट वाढणाऱ्याला 'मी इथे उपास करायला आलोय' असं सांगून बघा एकदा, मग मला विचारा. शिवाय 'ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ' हे ओम तालिबांनी भाषणात चार वेळा म्हटलं. भाषणं झाली, ढोल झाले, केळीच्या पानावर मासे झाले, पिवळ्या रश्शात सागूची खळ झाली, आणि मग गाणी झाली. ओम तालिबांनी स्वतः नऊ गाणी म्हटली. एक वाजता सगळे पांगले, तेव्हा मी आशेने जनरेटरकडे पाहिलं. तिथे ओम तालिबांचा भाऊ उशी घेऊन बसला होता.

"काळजी करू नका, पा गुरू. रात्रभर चालू ठेवतो. नवीन जागेत तुम्हाला अंधारात चुकल्यासारखं व्हायला नको."

त्या रात्री मी अकरापैकी एका गादीवर पडलो. खिडकीतून लाल, हिरवा, पिवळा उजेड आळीपाळीने माझ्या तोंडावर पडत होता. रुगाया म्हणाली, "सांगून टाका ना सरळ." मी म्हणालो, "उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात रांग लागलेली. तेर्नातेहून कॅमेरा आलाय, तोही लग्नाचा, हे कळल्यावर घराघरातून माणसं धुतलेले कपडे घालून आली होती. नाही कसं म्हणणार? नवराबायकोंचे काढले, नातवंडांचे काढले, एका बोकडाचा काढला. सर्वांत शेवटी तेते बासिर, म्हणजे बासिर आजोबा, आले; आले म्हणजे त्यांना आणलं. गावातले सर्वांत वयस्कर, वय विचारलं तर सांगतात, "बराच झालो." त्यांना त्यांच्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलं, कारण ते तिच्यात झोपले होते. आमच्या गप्पांनी उठले नाहीत, फोटोला उठले नाहीत. तसंच खुर्चीसकट परत नेलं.

दुपारी कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात बॅटरीची खूण लाल होऊन लुकलुकू लागली. चार्जर घरी होता, दाराआड, तिपाईशेजारी.

म्हणजे आता फार तर एक फोटो. शनिवारची रात्र शेवटची. रविवारी सकाळी परतीची बोट, सोमवारी झेंडावंदन. मला डोळ्यांपुढे विर्दाची वही दिसत होती. मुलांसमोर आपण खोटे ठरलो याचं मला वाईट वाटलं असतं, पण ते गिळता आलं असतं. गिळता येणार नव्हतं ते वेगळंच. खरोखर डोक्यावर असलेल्या नदीला पाचवीचा वर्ग जन्मभर खोटी म्हणणार होता, आणि तेही माझ्या तोंडचं ऐकून.

रात्री दोन वाजता मी रुगायाला उठवलं. सूचनांचा कागद, कॅमेरा, आणि तिपाईऐवजी यजमानीणबाईंकडून मागून घेतलेला सागू भाजायचा मातीचा साचा, त्यात वाळू भरून कॅमेरा टेकवायला. चोरासारखे आम्ही मागच्या दाराने निघालो आणि दगडांच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या किनाऱ्यावर आलो. गावाच्या माळा डोंगराआड गेल्या. मी मान वर केली. आणि मग मान खाली केली, कारण समोरच्या समुद्रात दिवस उजाडला होता.

बागान. मी बेटावर जन्मलो, वाढलो, आणि मला हे सुचू नये! चंद्र नसलेल्या रात्रीच आमचे कोळी बांबूचे मोठे तराफे समुद्रात नेतात, त्यावर डोळे दिपवणारे दिवे लावतात, आणि उजेडाकडे येणारी बारीक मासळी खाली पसरलेल्या जाळ्यात धरतात. चंद्र असेल तर मासळी दिव्याला फसत नाही. म्हणजे आकाशाला जी रात्र सर्वांत काळी हवी, नेमकी तीच समुद्रावर सर्वांत उजळ. समोर तीन बागान. त्यांच्यामागे माकियानचा डोंगर आहे, हे केवळ भूगोलावर विश्वास होता म्हणून कळत होतं.

मी वाळूत बसलो. रुगाया शेजारी बसली आणि तिने ओढणीआडून सागूची वडी काढून माझ्या हातात दिली. आम्ही दोघंही ती कुरतडत राहिलो.

तेवढ्यात मशिदीचा ढोल वाजू लागला. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजेला अजून दोन तास होते. मग हाका ऐकू आल्या. "पा गुरूऽऽ! पा गुरूऽऽ!" जनरेटरवाल्या भावाने आमच्या गाद्या रिकाम्या पाहिल्या होत्या आणि तेर्नातेचे पाहुणे समुद्रात गेले असं ठरवून सगळं गाव उठवलं होतं. दगडांच्या टोकावरून विजेऱ्या, कंदील, मशाली, मोबाइलचे दिवे असे आमच्या दिशेने धावत आले. माझ्या आयुष्यात मी इतका उजळलो नव्हतो.

"सापडले!" ओम तालिब धापा टाकत म्हणाले. लुंगी एका हातात, विजेरी दुसऱ्या. "पा गुरू, काय हे! इथे काळोखात काय करताय? काही कमी पडलं का आमचं?"

आणि मग माझा बांध फुटला.

"ओम तालिब, मला काळोखच हवा होता हो! मी तारे बघायला आलोय. उजेडात तारे दिसत नाहीत. त्या पत्रात ते लिहायचं राहिलं. नाही, राहिलं नाही. मी लिहिलं होतं, पण दुसरं पत्र जास्त रुबाबदार दिसत होतं!" आणि मी सगळं सांगून टाकलं. फळा, विर्दा, मक्केतली आजी, सोमवार.

ओम तालिब हसायला लागले. ते आधी पोटात हसले, मग खांद्यांत, मग खाली बसून हसले.

"म्हणजे आम्ही दोन दिवस पलीकडच्या गावच्या पाया पडून जनरेटर आणला... अहो पा गुरू, अंधार तर आमच्याकडे ढीगभर पडलाय! मागायचा होता!" मग मागे वळून ओरडले, "विजेऱ्या बंद करा रे! माळा बंद करा! गुरूंना अंधार वाढा!"

एकेक दिवा विझला. डोंगराआडची घरघरही थांबली. राहिले ते समुद्रावरचे तीन बागान.

"त्यांना कसं सांगणार?" मी म्हणालो. "त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे."

"सांगायचं नाही. थांबायचं," ओम तालिब म्हणाले. "मासळी भरली की जाळं ओढायच्या आधी ते दिवे आपणच विझवतात. सगळे एकदम नाही. एक एक करत. शेवटी मधला एक मिणमिणता ठेवतात, म्हणजे मासळी त्याखाली गोळा होते. त्यालाही वरून डबा घालतात. तेव्हा इथून काही दिसत नाही. पाच मिनिटं मिळतील. तिघं एकाच वेळी ओढतात, नाहीतर एकाची मासळी दुसऱ्याच्या दिव्याला पळते."

मी आयुष्यभर शिकवत आलो, आणि वाळूत बसून शिकायची पाळी आली ती अशी.

"पण एक अट आहे," ओम तालिब म्हणाले. "फोटोत आम्ही असणार. फलकासकट."

"ओम तालिब, तो आकाशाचा फोटो आहे."

"मग आकाशाखाली उभे राहतो. आकाशाला कुठे अडचण होते?"

नाही म्हणायची हिंमत एका रात्रीत दोनदा येत नाही. फलक आला. गाव त्यामागे उभं राहिलं, उंच मागे आणि पोरंसोरं पुढे. तेते बासिरना खुर्चीसकट आणून मधोमध ठेवलं. मी साच्यातल्या वाळूत कॅमेरा रोवला, अनंतापर्यंत गेलो आणि केसभर मागे आलो. मग सगळ्यांना वर्गात सांगतो तसं सांगितलं, "वीस मोजेपर्यंत कोणी हलायचं नाही. जो हलेल त्याचा धूर होईल."

साडेतीनच्या सुमाराला पहिल्या बागानवरचा एक दिवा गेला. मग दुसरा. मग तिन्हींवरचे एकापाठोपाठ एक. समुद्र डोळे मिटत चालल्यासारखा झाला. शेवटचा ठिपका डब्याखाली गेला, आणि क्षणभर मला वाटलं आपण आंधळे झालो.

मग डोळे सरावले. माकियानचा काळा त्रिकोण दिसला, आणि त्याच्या माथ्यावर ती. फळ्यावर मी काढतो ती अगदीच वाईट असते, एवढंच सांगतो.

"एक," मी म्हटलं आणि कळ दाबली. "दोन. तीन."

सातला कुठलंसं बाळ शिंकलं. नवाला कोणीतरी कुजबुजलं, "अगं, वर बघ!" आणि पुढच्या अंधारात मला नुसती सळसळ ऐकू आली. वीस झाले, कॅमेऱ्यात 'खट' झालं, लाल खूण एकदा लुकलुकली आणि विझली. बॅटरी संपली. आत काय आलं, ते पाहायचीही सोय नव्हती.

समुद्रावर कोळी ओरडत जाळी ओढत होते. इकडे मात्र कोणी जागचं हलेना. सगळ्यांच्या माना वर.

रविवारी दुपारी तेर्नातेत उतरलो तो थेट रुस्लीच्या दुकानात. त्याने कार्ड लावलं, पडद्यावर फोटो आला, आणि त्याने खुर्ची पुढे ओढली.

"पापा, आकाश फार सुंदर आलंय," तो म्हणाला. "बाकीच्याचं मी काही बोलत नाही."

आकाश खरंच आलं होतं. माकियानच्या माथ्यावर पांढरी दाट नदी, मधली काळी बेटंसुद्धा स्वच्छ. आणि खाली तो फलक, काठ्या वाळूत घट्ट रोवल्यामुळे अक्षर न् अक्षर वाचता येईल असा. त्याच्या आसपास बावीस घरांचा धूर. कोणाला चेहरा नाही, कोणाला तीन. ओम तालिब म्हणजे लुंगी नेसलेला ढग. कारण नवव्या सेकंदाला सगळ्या गावाने मान वर केली होती. फक्त मधोमध, निळ्या खुर्चीत, हनुवटी छातीला टेकलेले तेते बासिर. दाढीचा केस न् केस मोजून घ्यावा इतके स्वच्छ.

मोठ्या आकाराची चौकट दुकानात एकाच प्रकारची होती: सोनेरी, गुलाबांची, वर दोन कबुतरं.

सोमवारी झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, आणि मी सगळ्या शाळेपुढे ती चौकट उंच धरून उभा राहिलो. हाजी दाहलान फाटकाशी येऊन थांबले होते. नोट टोपीत असणारच. मुलं पाहू लागली आणि हळूहळू हसू लागली. पुढच्या रांगा, मग मागच्या. मुख्याध्यापकांनी खाकरून पाहिलं. माझे कान तापले. म्हटलं, सालासा, संपलं.

तेवढ्यात विर्दा वही घेऊन रांगेतून पुढे आली. चौकटीच्या अगदी जवळ उभी राहिली. आधी वर पाहिलं, बराच वेळ. मग खाली.

"पा गुरू, ही माणसं अशी का झालीत?"

"हलली म्हणून. वीस सेकंद स्थिर राहायचं होतं."

"आणि हे आजोबा?"

"ते झोपले होते."

"आणि तारे?"

"तेही जवळजवळ स्थिर."

तिने मान वाकडी करून विचार केला. मग ती वळली आणि तिच्या त्या खणखणीत आवाजात मुलांना म्हणाली, "खरा आहे. कॉम्प्युटरवर बनवला असता, तर माणसं इतकी वाईट आली नसती."

आणि तिने वही उघडून माझ्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली.

छत्तीस वर्षं मी अशा खुणा दुसऱ्यांच्या वह्यांत करत आलो. मला मिळालेली ही पहिलीच. ती शाई ओली असतानाच मी पाहिली. जरा वाकडी होती, पण मी काही बोललो नाही.